बनावट पत्रं, १०१ दिवसांचा तुरुंग आणि आगरकर

कोल्हापूर दरबाराची बातमी म्हटली की बेळगाव-निपाणीपासून पुण्यापर्यंत चर्चा होणारच. १८८१ सालीही तेच झालं. तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालवला आहे, अशी कुजबुज होती. त्यातच कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रं पुण्यात पोचली. महाराजांविरुद्धच्या कटाचा तो लेखी पुरावाच, असं वाचणाऱ्याला वाटावं, असा त्यातला मजकूर होता.

त्यावेळी 'केसरी'चे संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली गरीब घरात जन्म. कराड, रत्नागिरी, अकोला असं मिळेल तिथं राहून शिक्षण पुरं केलं. एम.ए. होऊनही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली आणि तुटपुंज्या पगारावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला लागले. जानेवारी १८८१ मध्ये मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' ही जोडपत्रं निघाली. 'मराठा' टिळकांकडे होता.

पत्रांच्या भरवशावर दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि मुंबईच्या कोर्टात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये आगरकर-टिळकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस डोंगरीत काढून २६ ऑक्टोबरला दोघं सुटले. लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. कोल्हापूरच्या राजाची काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, नगरला नजरकैदेत गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे तळमळ खरी, पण हातातला कागद खोटा. कोर्टात तळमळ चालत नाही, कागद लागतो. व्हॉट्सॲपवर आलेलं पत्र मिनिटात पोर्टलवर चढवण्याच्या आजच्या काळात हा हिशेब रोजचाच झाला आहे.

आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, पण हुतात्म्याचा आव आणला नाही. कोठडीतल्या गैरसोयींबरोबर टिळकांशी चाललेले वादही त्यांनी मोकळेपणानं नोंदवले.

पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. बालविवाह, विधवांचे हाल, स्त्रीशिक्षण यांवर आगरकरांना रोखठोक लिहायचं होतं, सहकाऱ्यांना ते पटत नव्हतं. शब्द गिळून खुर्ची सांभाळण्यापेक्षा १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला. १८८८ मध्ये स्वतःचं 'सुधारक' काढलं. एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मजकूर. इंग्रजीची बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

या लिखाणाची किंमत मोजावी लागली. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं शरीर पोखरलं होतं, तरी लेखणी थांबली नाही. १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचं प्राचार्यपदही त्यांच्याकडे होतं.

१७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्याआधी ते गेले. वाचक दुखावेल म्हणून त्यांनी मत कधी बदललं नाही. मात्र पत्रं खोटी ठरल्यावर माफी मागताना मान खाली घालण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.