ताराबाई शिंदे आणि बालहत्येचा नैतिक विचार

ताराबाई शिंदे यांच्या चरित्राची सामग्री फारच तुटपुंजी आहे. जन्म १८५० च्या सुमारास, बुलढाण्याच्या एका मराठा कुटुंबात. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकुनीच्या वरच्या जागेवर होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. पती घरजावई म्हणून राहिले. अपत्य झाले नाही. मृत्यू १९१० च्या सुमारास. एवढ्या तपशिलावर चरित्र उभे राहत नाही. ते उभे राहते १८८२ साली पुण्यात छापलेल्या 'स्त्रीपुरुषतुलना' या एकाच निबंधावर.

निबंधाचे निमित्त एका खटल्याचे होते. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वृत्तपत्रांत चर्चा सुरू झाली आणि 'पुणेवैभवा'ने त्या निमित्ताने सबंध स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले. ताराबाईंनी उत्तर दिले ते या सामान्यीकरणाला.

त्यांच्या युक्तिवादाची मांडणी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. हत्या हे पाप नव्हे, असे त्या कोठेही सिद्ध करू पाहत नाहीत. त्यांचा प्रश्न दोषाच्या वाटपाचा आहे. पत्नी वारताच पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मोकळीक, विधवेला मात्र केशवपन, अशुभतेचा शिक्का आणि आजन्म एकाकीपण. तिला मोहात पाडणारा पुरुष उजळ माथ्याने वावरणार आणि लोकलज्जेचे भय तिच्या एकटीच्या वाट्याला येणार. गर्भपात आणि बालहत्या या भयातून घडतात. भय ज्यांनी निर्माण केले, त्यांनाच न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याचा अधिकार कोणी दिला, हा ताराबाईंच्या विचाराचा गाभा. पुनर्विवाहबंदी ही केवळ ब्राह्मणांची बाब नसून वरच्या मराठा घराण्यांनीही ती उचलली आहे, हे त्या स्वजातीलाही ऐकवतात. निबंधाची भाषा घरगुती, तिखट, क्वचित विस्कळीत आहे. तिला केवळ संताप म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यातील तर्काची साखळी पाहिलेलीच नाही.

हाच प्रश्न जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून कृतीने हाताळला होता. तेथे विधवेला गुप्तपणे बाळंत होता येई. आश्रयाने त्या स्त्रीचा व मुलाचा जीव वाचे. तिच्यावरील कलंकाचे काय, हे ताराबाईंनी विचारले. निबंधावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी निबंध पुन्हा प्रकाशात आणला. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीलाही गुन्हेगार ठरविले होते. १९७१ च्या कायद्याने त्यातून वाट काढली. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याचे कारण मात्र त्या कायद्याने विवाहितेपुरतेच मान्य केले. 'विवाहित स्त्री व तिचा पती' हे शब्द बदलून 'स्त्री व तिचा जोडीदार' असे झाले ते २०२१ च्या दुरुस्तीने.