कर्ता कोण? : स्वामी रामानंद तीर्थ

अंबाजोगाई म्हटले की माळकऱ्यांना मुकुंदराज आठवतात, दासोपंत आठवतात, योगेश्वरीचे देऊळ आठवते. त्याच गावातून एक संन्यासी मास्तर १९३८ साली शाळा सोडून हैदराबादेस निघाला. प्रारब्धापुढे माणसाचे काय चालते हो, असे कीर्तन संपल्यावर आम्हांस पुष्कळ जण विचारतात. त्यांना आम्ही या मास्तरांचे चरित्र सांगतो.

स्वामींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले, तेव्हा सोलापुरात शिकणाऱ्या या मुलाला सतरा वर्षेही पुरी नव्हती. त्याने आजन्म ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले. अशी व्रते त्या वयात पुष्कळांनी घेतली असतील. टिकली किती, तो भाग निराळा. पुढे मुंबईस ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम झाले, मग निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते आले. तेथेच १९३२ साली संन्यास घेतला. १९३५ मध्ये अंबाजोगाईस येऊन योगेश्वरी विद्यालयात शिकवू लागले.

आता पाहा, या माणसाला काय उणे होते? अंगावर भगवे, भोवती जीव लावणारी मुले, गावात मान. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे, वरचे शिक्षण उर्दूतून चाले, प्रजेला विचारतो कोण! पण ते सोसणारे लाखो होते. संन्याशाने त्यात पडावे, असे कोणत्याही शास्त्राने स्वामींना बांधले नव्हते. उलट, सर्वसंगपरित्याग केल्यावर राजकारण कशाला, असे म्हणणारा त्यांना दोष देऊ शकला असता. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी तुरुंगात गेले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव पाचवे आहे. लोक नेमके पाचवे धरतात आणि आधीची चार सोडून देतात! कर्ता त्याच यादीत आहे, हे विसरून कसे चालेल? काळ, राज्य, जन्मस्थान स्वामींनी निवडले नव्हते. शाळेचा उंबरठा मात्र त्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडला.

कोणी म्हणेल, महाराज, निजाम तर जाणारच होता. चहूकडून हिंदुस्थान, मध्ये त्याचे राज्य, ते किती दिवस टिकणार? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. शेवटी सैन्यानेच काम केले हे खरे. पण १९४७ च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याची प्रजा मुकी राहिली असती तर? मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्यांना आम्हांस भारतातच राहायचे आहे असे एका तोंडाने म्हणायला लावणारी संघटना मागच्या नऊ वर्षांत उभी झाली होती. बंदी उठायला १९४६ साल उजाडले, तरी माणसे तुटली नाहीत. रझाकारांच्या धुमाकुळात गावेच्या गावे होरपळली. घर सांभाळून गप्प बसण्याची वाट त्याही लोकांना मोकळी होतीच की.

१५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागले आणि त्या दिवशी स्वामींना अटक झाली. मध्ये सुटले, पुन्हा धरले गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य संस्थानात शिरले, १७ ला निजाम शरण आला. ज्यांनी दहा वर्षे हा यज्ञ चालविला, ते त्या घटकेस तुरुंगात होते!

पुढे लोकसभेत दोनदा निवडून आले. आपले सारे कार्यक्षेत्र असलेले हैदराबाद राज्यच भाषेप्रमाणे मोडावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. ते राहिले असते तर त्यांचेच वजन वाढते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मोडले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामींनी देह ठेवला. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. बीड, परळी, केजकडचे रोगी तेथे येतात.