उत्तरेची खिडकी

शाळेच्या बाकावर ज्यांचा जीव कधी रमला नाही, त्या रवींद्रनाथ ठाकुरांनी (१८६१-१९४१) डिसेंबर १९०१ मध्ये शांतिनिकेतनात स्वतःच शाळा काढली. विद्यार्थी अवघे पाच. ही शाळा प्रारंभी जातिभेदापासून मुक्त नव्हती, याचा त्यांच्या गौरवलेखांत सहसा उल्लेख नसतो. ब्राह्मण मुलांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे काय, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा रवींद्रनाथांनी रूढीच्याच बाजूने कौल दिला. नुसता नमस्कार पुरेसा मानला गेला.

त्याच रवींद्रनाथांनी १९११ मध्ये ‘अचलायतन’ हे नाटक लिहिले. मंत्र आणि प्रायश्चित्ते यांनी जखडलेली ही एक शाळाच. सुभद्र नावाचा लहानगा वर्षानुवर्षे बंद असलेली उत्तरेची खिडकी उघडून बाहेर पाहतो आणि या ‘पापा’बद्दल त्याला अंधारात कोंडण्याचे घाटते. भिंतीपलीकडचे शोणपांशू आणि दर्भक हीन, ही समजूत आतील मुलांच्या मनात पक्की रुजलेली. आचार्य शिक्षेला नकार देतात, म्हणून त्यांचीच दर्भकांच्या वस्तीत रवानगी होते. अखेर गुरू येतात ते शोणपांशूंना बरोबर घेऊन, भिंती पाडीत! सनातनी मंडळी संतापली. १९१४ मध्ये शांतिनिकेतनात प्रयोग झाला, त्यात आचार्यांची भूमिका खुद्द रवींद्रनाथांनी केली. बारा वर्षांपूर्वी कौल देणारा शाळेचा संस्थापक आता मुलांसमोर रूढी मोडणारा आचार्य म्हणून उभा होता.

आश्रमातील तालमी बंद दाराआड होत नसत. भूमिका न मिळालेली मुलेही ऐकता ऐकता गाणी शिकत. उपदेशाचा तास मात्र नाटकाला जोडलेला नसे.

१९२६ मधील ‘नटीर पूजा’त सर्व भूमिका मुलींच्या होत्या आणि नायिका होती तुच्छ लेखली जाणारी राजनर्तकी. पुढील वर्षी कलकत्त्यात प्रयोग झाला. भद्र घरांतील मुलींनी चारचौघांत नाचावे, हेच अनेकांना रुचणारे नव्हते. रवींद्रनाथांनी उपाली भिक्षूची नवी भूमिका लिहिली आणि मुलींसोबत स्वतः रंगमंचावर उभे राहिले.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पाच वर्षे झाली होती. २६ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सोडले, त्या वेळी रवींद्रनाथ तेथे उपस्थित होते. पुढच्याच वर्षी ‘चंडालिका’ आले. आपल्या हातचे पाणीही विटाळते, असे ऐकत वाढलेल्या प्रकृतीकडे बौद्ध भिक्षू आनंद पाणी मागतो आणि तिचे स्वतःकडे पाहणेच बदलते. १९३८ मध्ये याचे नृत्यनाट्य झाले. ते साकारण्यात आश्रमाच्या विद्यार्थिनी होत्या.