रुपयाचा हिशेब मागणारे बाबासाहेब

चौकाचौकांतल्या पुतळ्यांमध्ये बाबासाहेबांच्या हातात एक पुस्तक असते. ते कोणते, असे सोलापुरातल्या कोणत्याही वस्तीत विचारा, शाळकरी पोरगेही सांगेल की संविधान! उत्तर बरोबरच आहे. पण संविधानाच्या कामाला बसण्याच्या पाव शतक आधी या महामानवाने जे पहिले मोठे ग्रंथ लिहिले, ते रुपयावर आणि सरकारी तिजोरीवर होते, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आरक्षणावर आपण रात्रभर वाद घालू. अर्थसंकल्प आला की मात्र टीव्ही बंद करतो आणि ते शेठजी-भटजींचे काम समजून झोपी जातो. ज्या समाजाचा बाप अर्थशास्त्रज्ञ होता, त्या समाजाने पैशाविषयीचे मत दुसऱ्यांकडून उसने घ्यावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पैशाचा धडा बाबासाहेब घरातच शिकले. सुभेदार रामजी निवृत्तीवेतनावर जगणारे. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. पोराला पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे, तो गहाण टाकायचे आणि पुस्तक घरी यायचे. पेन्शन आली की दागिना सुटायचा. व्याज म्हणजे काय, हे या मुलाला कुणी फळ्यावर शिकवावे लागले नाही.

पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी मुख्य विषय घेतला अर्थशास्त्र. १९१५ ची एम.ए. प्राचीन भारतीय व्यापारावरच्या प्रबंधासाठी. पोट मारून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवले. १९१७ साली परतताना सामान दुसऱ्या जहाजाने येत होते, ते महायुद्धात बुडवले गेले आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली ती बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याच्या खर्चाला लागली. बडोद्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे, पुन्हा सांगत नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो. मुंबईत त्यांनी व्यापाऱ्यांना शेअर आणि रोख्यांबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला उत्तम होता, गिऱ्हाईकही येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. बाजाराला जात नसते, बाजार फक्त नफा बघतो, असे आजही काही शिकलेले लोक सांगतात. त्यांनी हा प्रसंग वाचावा. इथला बाजार स्वतःचा नफा बुडवून जात पाळत होता!

१९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. त्या काळी सरकारचे आणि विद्वानांचे म्हणणे असे, की तुकडे एकत्र केले म्हणजे शेतकऱ्याचे दारिद्र्य जाईल. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने सांगितले की रोग दुसराच आहे. बैल, अवजार, भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्याचे आणि ते असेल तर लहान शेतही नफ्याचे. खरा प्रश्न शेतीवर पडलेल्या माणसांच्या ओझ्याचा आहे, त्या रिकाम्या हातांना काम देणारे कारखाने उभे करा. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची, सांगोल्याची कोरडवाहू जमीन तीन भावांत वाटून घेतलेल्या कुटुंबांचे दावे मी कोर्टात चालवतो. बांधाच्या हातभर जागेसाठी दहा-दहा वर्षे तारखा पडतात आणि तिन्ही भावांची पोरे पुण्याला मजुरीला गेलेली असतात. तो निबंध आजही या दाव्यांच्या कागदांत जोडावा असा आहे.

सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यातून काटकसर करून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली लंडनला गेले. इकडे माता रमाई शेणाच्या गोवऱ्या थापून संसार चालवत होत्या. तिकडे ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसत होते. त्या उपासातून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाहेर आला.

हा ग्रंथ अवघड आहे असे म्हणून आपण त्याला हार घालतो आणि बाजूला ठेवतो. पण त्याचा गाभा साधा आहे. रुपयाची किंमत पौंडाशी किती जुळते याची सरकारला काळजी होती. बाबासाहेबांना काळजी होती ती रुपयाला बाजारात धान्य किती मिळते याची. केन्ससारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या चलनपद्धतीची तारीफ केली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. सरकारच्या मर्जीने वाटेल तितका रुपया छापता येत असेल तर भाव चढणारच, म्हणून चलन काढण्यावर पक्का बांध घाला, ही त्यांची मागणी. रुपया स्वस्त झाला की परदेशी माल पाठवणाऱ्याची चांदी होते, हे त्यांनी नाकारले नाही. पण ती चांदी येते कुठून? भाव वाढतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, त्या फरकातून येते. म्हणजे मालकाचा नफा हा मजुराच्या ताटातून उचललेला असतो.

आता आपल्या शहराकडे बघा. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो. डॉलर वर गेला की निर्यातदाराला बरे दिवस येतात. पण यंत्रमागावर उभा असलेला कामगार आणि घरी विड्या वळणारी त्याची बायको तेलाचा डबा डॉलरच्याच भावाने घेतात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि आमच्या अक्कलकोट रोडचा कारखाना यांत अंतर आहे ते एवढेच, की तेव्हा पौंड होता आणि आता डॉलर आहे.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली. हा क्रम एवढाच आणि असाच सांगावा. बाबासाहेबांनी एकट्याने रिझर्व्ह बँक स्थापन केली, असे बॅनरवर लिहिले की विरोधक हसतात आणि खरी साक्षही हसण्यावारी जाते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर तर आणखी एक थाप पसरली, की दर दहा वर्षांनी नोटा बदला असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. मी तो ग्रंथ वाचला आहे, त्यात असे काहीही नाही. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर हा बनावट दस्त आहे, आणि तो आपल्याच लोकांनी मोबाईलवर पुढे पाठवला!

बॅरिस्टर झाले तरी वकिलीत पैसा नव्हता. १९२५ ते १९२८ या काळात ते हिशेबनीस तयार करणाऱ्या एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवत होते. त्याच सुमारास त्यांची आमच्या भागात ये-जा सुरू झाली. १९२४ साली बार्शीला बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद झाली, तिथे ते बोलले. पुढे १९३८ च्या जानेवारीत सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले.

मुंबई कायदेमंडळात १९२७ साली गेल्यावर पहिल्याच अर्थसंकल्पावर त्यांनी सरकारला विचारले, की नोकरदार आणि व्यापाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ आहे, मग एक एकरवाल्या शेतकऱ्याला सारा माफ का नाही? त्याला पीक येवो न येवो, सारा भरावाच लागतो. कर कुवत बघून घ्यावा, ही एवढीशी गोष्ट. आज गरिबाच्या साबणावर आणि श्रीमंताच्या साबणावर जीएसटी सारखाच.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ च्या या कायद्याखाली महार वतनदार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा नोकर होता. त्याचा मोबदला म्हणजे एक तुकडा जमीन आणि खळ्यावर हात पसरून मिळणारे बलुते. आमच्यातल्याच काही जुन्या मंडळींना वतन हा मान वाटत होता, ते सुटेल म्हणून त्यांनी कुरकूर केली. बाबासाहेबांनी त्यांची पर्वा केली नाही. धान्याच्या मुठीऐवजी रोख पैसा आणि ज्याला सुटायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन मोकळी, अशी ती योजना. रोख मजुरी घेणारा माणूस मालकाला नाही म्हणू शकतो, भाकरीचा तुकडा घेणारा म्हणू शकत नाही. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. वतने खालसा करणारा कायदा आला १९५८ साली, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर!

गिरणीचा प्रश्न तसाच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथेच अस्पृश्याला बंदी. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८ च्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी मागण्यांची लांबलचक यादी केली होती, त्यात ही बंदी उठवण्याचे नाव नव्हते. बाबासाहेबांनी अडवून धरले तेव्हा कुठे ते घातले गेले. तरीही १९३८ साली संपाच्या हक्कावर गदा आणणारे औद्योगिक विवाद विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबरच्या संपात ते याच कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. जुना राग त्यांनी हिशेबात धरला नाही. आपल्या गटातटांच्या पुढाऱ्यांना हे वर्ष पाठ करायला द्यायला हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. आता सर्वच कारखान्यांत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची आहे. यावर आपल्या किती गटांनी एक तरी सभा घेतली?

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास चौदाचे आठ केले, असे व्याख्याते सांगतात. नेमके असे, की १९३४ च्या कायद्यात कायम चालणाऱ्या कारखान्यांना आठवड्याला ५४ तास होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. खरे आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे. खाणकामगारांचा कल्याण निधी, दामोदर खोऱ्याची योजना आणि स्वस्त विजेचा आग्रह, हे सगळे त्याच चार वर्षांतले.

१९४७ साली संविधान सभेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी जो मसुदा तयार केला, त्यात शेती आणि पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे आणि विमा सरकारचा व सर्वांना सक्तीचा, अशी कलमे होती. निवडणुकीत बहुमत बदलले तरी ती हलू नयेत म्हणून ती घटनेतच घालायची होती. पण नोव्हेंबर १९४८ मध्ये समाजवादी हा शब्द घटनेत घाला अशी दुरुस्ती के. टी. शहांनी आणली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनीच ती नाकारली. अर्थव्यवस्था कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावे, ही त्यांची भूमिका. एकाच माणसाच्या या दोन भूमिका विद्यार्थ्यांना बुचकळ्यात टाकतात. माझे मत असे, की पहिला मसुदा आपल्या समाजाचा वकील म्हणून होता आणि दुसरी भूमिका साऱ्या सभेने सोपवलेल्या कामाची होती. वकिलीत हा फरक रोज पाळावा लागतो. मात्र तो पहिला मसुदा त्यांनी कधी फाडून टाकला नाही. १९५६ च्या सप्टेंबरात विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी उभी राहिली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत. तिचे शेअर बाजारात आले ते २०२२ साली.

एवढे हिशेबी बाबासाहेब स्वतःच्या बाबतीत मात्र फार हिशेबी नव्हते. ग्रंथ दिसला की खिशाकडे बघत नसत. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा हवी म्हणून. उत्तम शिवलेला सूट, चांगली फाउंटन पेने, घरात कुत्री, अंगणात बाग. उतारवयात शिक्षक लावून व्हायोलिन शिकले, चित्रकलेत हात घातला. हौस आली तर स्वतः स्वयंपाक करून पाहुण्यांना वाढत. दारू-तंबाखूला शिवले नाहीत. गरिबांच्या पुढाऱ्याने पंचा नेसावा अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांना हा सूट खुपला. पण ज्या समाजाला धड कपडा घालायला बंदी होती, त्याच्या पुढाऱ्याने पंचा नेसण्यात कसला त्याग? आपल्याकडे आजही पोराने गिटार मागितली की बाप म्हणतो, आधी नोकरी बघ. दोन्ही होते बाबासाहेबांकडे, हेही पोराला सांगावे.

शेवटच्या वर्षी दिल्लीत २६, अलीपूर रोडवर आजारी शरीराने ते बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ पुरा करत होते. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये. देशाचे चलन कसे असावे हे आयोगाला सांगणाऱ्या या माणसाकडे तेवढे पैसे नव्हते. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशेक प्रती विकत घ्याव्यात अशी विनंती केली. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजने छापला.