कामगारांच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन



या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेची मागची जुनी इमारत पाडली जाणार आहे, हे आपणास ठाऊक आहेच. त्या निमित्ताने एका डॉक्टरबाईंचे चरित्र आपणापुढे ठेवावेसे वाटते.

ॲलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. १८९३ साली त्या मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेल्या, तेव्हा तेथे वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, पण मुलांच्या नजरेत येऊ नये या बेताने.

१८९७ मध्ये त्या शिकागोला आल्या आणि गरीब वस्तीतील हल हाउस या सेवाकेंद्रात राहू लागल्या. शेजारी सारे परदेशांतून आलेले मजूर. धडधाकट तरुण काही महिने कारखान्यात जातात आणि पोटात कळा, हातांतली शक्ती गेलेली अशा अवस्थेत घरी बसतात, हे त्यांनी पाहिले. दोष मात्र मजुरांवरच येई. हात न धुता जेवतात, दारू पितात, म्हणून आजारी पडतात, असे मालक म्हणत आणि पुष्कळ डॉक्टरही तेच मानत.

१९१० साली इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य आजारांची पाहणी करविली. तिची जबाबदारी ॲलिसबाईंवर आली. त्यांनी शिशाचे कारखाने पायी फिरून पाहिले, रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, रोग्यांच्या घरी गेल्या. त्यांना आढळले की शिसे मुख्यतः श्वासावाटे, धुळीतून आणि धुरातून शरीरात जाते. नुसते हात धुवायला सांगून भागणार नव्हते. धूळच उडू नये, अशी व्यवस्था मालकाने करायला हवी होती.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आंघोळीच्या टबांना मुलामा देणारा एक पोलिश कामगार शिशाच्या विषबाधेने आजारी होता. कारखान्यात शिसे वापरतच नाही, असे सांगून व्यवस्थापकांनी बाईंना काम दाखविले. तेथे तर खरोखर काही धोका दिसेना. बाई त्या कामगाराच्या घरी पोहोचल्या. तेव्हा कळले की त्यांना केवळ शेवटचा हात फिरवण्याचे काम दाखविले होते. खरे काम दुसऱ्याच ठिकाणी चाले. तेथे लालभडक तापलेल्या टबांवर मुलाम्याची भुकटी टाकत आणि ती कामगारांच्या नाकातोंडात जाई.

या पाहणीनंतर १९११ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला. १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या, तरी पदवीदानाच्या मिरवणुकीत चालण्याची त्यांना मनाई होती. १९२५ साली त्यांनी पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास जाहीर विरोध केला. तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि मोटारींसाठी त्याची विक्री जगातून २०२१ मध्ये संपली. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

आता आपल्या इमारतीकडे वळू. तिच्या दारे-खिडक्यांवर जुन्या तेलरंगाचे थरावर थर आहेत. अशा जुन्या रंगात शिसे असू शकते. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे बारीक तंतू छातीत गेले तर रोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. पाडणारा मजूर तोवर कुठल्या गावी असेल, कोण जाणे!

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. ठेका देण्यापूर्वी रंगाची व पत्र्यांची तपासणी करून घ्यावी. पत्रे न फोडता, ओले करून, अख्खे उतरवावेत. भिंतींवर पाणी मारत काम व्हावे. मजुरांना चांगले मास्क आणि जेवणापूर्वी धुण्यासाठी साबण-पाणी मिळावे. तोंडाला बांधलेला गमछा बारीक धूळ थांबवत नाही. मजुरांच्या मुलांना ढिगाऱ्यावर खेळू न देता, काम चालू असेपर्यंत त्यांच्यासाठी शाळेचा पुढचा एक वर्ग उघडा ठेवावा. याने खर्च थोडा वाढेल, हे मी जाणतो.

विद्यार्थी मित्रांनो, नवीन इमारतीत तुम्ही बसाल, तेव्हा जुनी पाडणारे हात निरोगी आहेत, एवढे समाधान आपणा सर्वांना असावे.

— प्राचार्य