धर्म बदलला, ओवी नाही

नेवासे म्हटले की मराठी माणसाला पैसाचा खांब आठवतो. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ ओवीत सांगितला. नेवाशाला लागूनच राहुरी तालुका. सहाशे वर्षांनी याच राहुरी-नगरच्या पट्ट्यात एका ख्रिस्ती कवीचा संसार होता आणि त्यानेही ओवीच हाती धरली. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. घराणे चित्पावन, व्यासंग संस्कृतचा आणि पायाला भिंगरी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक जे थांबले, ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा हयात असून त्यांना लहानग्या मुलासह नातलगांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी सोवळे काही सुटेना. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या धाकाने नव्हे. टिळकांच्या कवित्वाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु मधल्या पाच वर्षांचे खाते तपासले तर टिळकांची नावे बाजू बरीच जड निघते. बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला ती दिसल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ताला परक्या देशाचा वेश कशाला, हा टिळकांचा खरा प्रश्न होता. त्या काळी देवळात परदेशी चालींवर भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी तिथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते मानत. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच छापले गेले होते. पण स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात येऊन मराठी शिकलेले; टिळकांच्या तर कानातच ओवी होती.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळला. देशाचा अभिमान आणि ख्रिस्ताची भक्ती यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनी ख्रिस्ताभोवती एकत्र बसावे, ही त्यामागची कल्पना. साठीकडे झुकलेल्या, घरात पैसा न टिकणाऱ्या गृहस्थाने महिन्याचे बांधलेले उत्पन्न सोडणे म्हणजे काय, हे पेन्शनवर जगणाऱ्या आम्हा लोकांनी जरा मनात आणून पाहावे.

दरबार रुजायला त्यांना दोन वर्षेच मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास अडले होते. ज्यांना टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि आणखी ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ छापून आला तो १९३८ साली.