देखणा, उदास आणि भूतकाळ लपवणारा हिरो: हा साचा ज्याच्यावरून पडला, तो लॉर्ड बायरन कोण होता?

हिरो देखणा आहे. फारसा बोलत नाही. गर्दीतही एकटाच असतो. त्याच्या भूतकाळात काहीतरी घडलंय, पण ते तो कुणाला सांगत नाही. तो चुकीचं वागतो, तरी प्रेक्षक त्याच्याच बाजूने असतात.

सिनेमा, वेब सिरीज, कादंबरी... हा हिरो सगळीकडे भेटतो. साहित्यात त्याला 'बायरॉनिक हिरो' म्हणतात. हे नाव आलं लॉर्ड बायरन या इंग्रज कवीवरून.

दहाव्या वर्षी 'लॉर्ड'

जॉर्ज गॉर्डन बायरनचा जन्म २२ जानेवारी १७८८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लष्करात कॅप्टन होते. त्यांनी बायकोचा सगळा पैसा उडवला आणि बायरन तीन वर्षांचा असताना ते वारले. आईने त्याला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात ओढाताणीत वाढवलं.

त्याचा उजवा पाय जन्मापासून अधू होता. त्यावर लहानपणी बरेच त्रासदायक उपचार झाले, पण लंगडणं काही गेलं नाही.

१७९८ साली चुलत आजोबा वारले आणि दहा वर्षांचा बायरन एकदम 'लॉर्ड' झाला. सोबत न्यूस्टेड ॲबी हा मोडकळीला आलेला वाडाही मिळाला.

केंब्रिजला शिकताना त्याने चक्क अस्वल पाळलं. कर्जही भरपूर केलं. पोहण्यात मात्र तो पटाईत होता. ३ मे १८१० रोजी त्याने दार्दानेल्सची सामुद्रधुनी, म्हणजे युरोप ते आशिया हे अंतर, तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात पोहून पार केलं.

एका पुस्तकाने स्टार केलं

फेब्रुवारी १८१२ मध्ये बायरन संसदेत पहिल्यांदा बोलला. तेव्हा नॉटिंगहॅमशायरमधले विणकर नव्या यंत्रांमुळे रोजगार बुडतोय म्हणून यंत्रं फोडत होते आणि सरकार त्यासाठी फाशीचा कायदा आणत होतं. बायरनने त्याला विरोध केला. कायदा तरीही झालाच.

पुढच्याच महिन्यात 'चाइल्ड हॅरॉल्ड्स पिल्ग्रिमेज' या दीर्घकाव्याचे पहिले दोन भाग आले. पहिली आवृत्ती तीन दिवसांत संपली. त्यातला हॅरॉल्ड हा श्रीमंत तरुण सुखालाही कंटाळलाय आणि मनावर कसलंतरी ओझं घेऊन देशोदेशी भटकतोय.

हे वाचकांना इतकं का भिडलं? फ्रेंच राज्यक्रांतीने दाखवलेली स्वप्नं विरली होती आणि युरोप वर्षानुवर्षं युद्धात अडकला होता. त्या पिढीला सद्गुणी नायकापेक्षा हा थकलेला, चिडलेला माणूस जास्त खरा वाटला.

हॅरॉल्ड काल्पनिक आहे, असं बायरनने प्रस्तावनेतच स्पष्ट केलं होतं. पण वाचकांनी हॅरॉल्ड म्हणजे बायरनच असं ठरवून टाकलं. त्यानेही मग ही प्रतिमा जपली. अल्बेनियन पोशाखात चित्र काढून घेतलं आणि तसेच नायक लिहीत राहिला. १८१४ मध्ये आलेल्या 'द कॉर्सेअर'च्या दहा हजार प्रती पहिल्याच दिवशी खपल्या.

घरात मात्र हिरो नव्हता

जानेवारी १८१५ मध्ये त्याने ॲनाबेला मिलबँकशी लग्न केलं. ती गणितात हुशार होती. पण कर्ज, दारू आणि नवऱ्याचे संताप यात संसार टिकला नाही. वर्षभरातच ती महिन्याच्या मुलीला, एडाला, घेऊन माहेरी गेली. सावत्र बहीण ऑगस्टाशी बायरनचे संबंध असल्याची कुजबुजही सुरू झाली. ज्या लंडनने त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्याच लंडनने पाठ फिरवली. एप्रिल १८१६ मध्ये त्याने इंग्लंड सोडलं. तो जिवंतपणी परत आला नाही आणि एडाला पुन्हा कधी भेटला नाही.

त्या उन्हाळ्यात तो जिनिव्हा तलावाकाठी राहिला. पाऊस थांबत नव्हता, म्हणून सोबतच्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' जन्मली. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने 'द व्हॅम्पायर' लिहिली. त्यातला रक्तपिपासू उमराव बायरनवरूनच बेतलेला होता.

त्याची दुसरी मुलगी अलेग्रा हिची आई होती क्लेअर क्लेअरमाँट. बायरनने मुलीला आईपासून तोडून इटलीतल्या एका कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. आई विनवण्या करत राहिली. १८२२ मध्ये पाच वर्षांची अलेग्रा तिथेच तापाने गेली. कवितेतल्या नायकाचा बेफिकीरपणा वाचकांना आवडायचा. त्याची किंमत घरातली माणसं मोजत होती.

शेवट ग्रीसमध्ये

१८२३ मध्ये बायरन ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला. ग्रीक आरमारासाठी त्याने स्वतःचे चार हजार पौंड दिले. पण लढाईआधीच मिसोलाँगी गावात तो तापाने आजारी पडला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे डॉक्टर वारंवार त्याचं रक्त काढत राहिले आणि तो आणखी खचला. १९ एप्रिल १८२४ रोजी, ३६ व्या वर्षी तो गेला. ग्रीसमध्ये आजही त्याला राष्ट्रीय वीराचा मान आहे.

लंडनमध्ये त्याच्या मित्रांनी आणि प्रकाशकाने त्याचं आत्मचरित्र जाळून टाकलं. वेस्टमिन्स्टर ॲबीने दफनाला जागा नाकारली. तिथे स्मृतिशिळा बसायला १९६९ साल उजाडलं.

त्याचा हिरो मात्र थांबला नाही. रशियात पुश्किनचा ओनेगिन आला, इंग्लंडमध्ये 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ आला.

आणि एडा? मुलगी बापासारखी होऊ नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणित शिकवलं. हीच एडा लव्हलेस. बॅबेजच्या यंत्रावर तिने १८४३ मध्ये लिहिलेल्या टिपांमुळे आज अनेक जण तिला पहिली कॉम्प्युटर प्रोग्रामर मानतात. तीही ३६ व्या वर्षीच गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला हकनॉलच्या चर्चमध्ये, न आठवणाऱ्या वडिलांच्या शेजारी पुरण्यात आलं.